ओळी पिसून बघ

"मावशी, माझी नदी उलटी वाहायला लागलीय गं!"

जुलैचा पहिला आठवडा, रात्रीचे साडेदहा, बाहेर धो धो पाऊस आणि फोनवर भाचीचा रडवेला आवाज. ती पर्यावरणशास्त्रात एम.एस्सी. करतेय. हिवाळ्यात तिने खडकवासल्यापासून मांजरीपर्यंत नदीवर बारा ठिकाणं ठरवली, प्रत्येक ठिकाणी गुडघाभर पाण्यात उतरून दगड उलथे केले, गाळ चाळला आणि सापडलेले बिनकण्याचे जीव मोजले. वरच्या अंगाला मेफ्लाय या कीटकाची पिल्लं आणि गोगलगायी, शहरात शिरल्यावर लाल अळ्या आणि धाग्यासारखे जंत. बारा ओळी आणि तीसेक रकान्यांचा तक्ता झाला. तो आर या संगणकभाषेत घालून तिने पीसीए केलं, म्हणजे सगळ्या रकान्यांतला फरक दोन अक्षांवर आणला, आणि आकृती काढली. खडकवासला डावीकडे, मग वारजे, विठ्ठलवाडी, म्हात्रे पूल, संगम, बंडगार्डन आणि उजव्या टोकाला मांजरी. सरांना आकृती आवडली. घरी येऊन तीच फाइल तिने भावाच्या लॅपटॉपवर चालवली, तर मांजरी डावीकडे आणि खडकवासला उजवीकडे.

"काहीतरी बिघडलंय. सरांना मी चुकीची आकृती दिली."

"दोन्ही आकृत्या शेजारी ठेव. एक दुसरीचं आरशातलं रूप आहे का?"

थोडा वेळ शांतता. "हो."

"मग झोप आता. रविवारी ये."

खरंच घाबरण्यासारखं काही नव्हतं. पीसीए करतं काय, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना पर्वतीवरून समजावत आले. पर्वतीचा एकच फोटो काढायचा असेल तर आपण अशी जागा शोधतो, की तिथून पायऱ्या, देवळं, उतार सगळं जास्तीत जास्त पसरून दिसावं. पीसीए तीस मितींच्या टेकडीसाठी अशी जागा शोधतं. कार्ल पिअर्सनने १९०१ मध्ये ही कल्पना मांडली, हॉटेलिंगने १९३३ मध्ये तिला आजचं रूप दिलं. आता पर्वती सिंहगड रस्त्याकडून पाहिली काय आणि स्वारगेटकडून पाहिली काय, डावं-उजवं बदलतं, पर्वती बदलत नाही. अक्षाचं कुठलं टोक धन आणि कुठलं ऋण, हे गणित ठरवतच नाही. दोन संगणकांवर आकडेमोड करणाऱ्या गणिती लायब्ररी वेगळ्या असल्या की चिन्ह उलटू शकतं. आकृती उलटली तरी ठिकाणांमधली अंतरं तीच राहतात, आणि वाचायची असतात ती अंतरंच.

पण तिच्या फोनने मला झोप लागली नाही. कारण जे बदललं तर चालतं ते बदलल्यावर ती घाबरली होती, आणि जे बदलायला अजिबात नको ते बदलतंय का, हे तिने तपासलंच नसणार. तिच्या वयाची असताना मीही तपासलं नव्हतं.

माझी पीएच.डी. टेकड्यांवरच्या गवतांवर. नव्वदच्या दशकाची सुरुवात. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी आणि तळजाईचा परिसर, असं मी तीन पावसाळे हिंडले. एक मीटर बाय एक मीटर लाकडी चौकट खांद्याला अडकवायची, ठरल्या जागी टाकायची, आत जे जे गवत असेल ते ओळखायचं आणि मोजायचं. कुसळी, मारवेल, पवन्या, आणि सावलीतल्या चौकटींत गिरिपुष्पाखाली उगवणारं जे काही असेल ते. ऑक्टोबरात कुसळीची कुसळं साडीच्या काठात, मोज्यांत, चपलेच्या पट्ट्यांत शिरायची. ती कुसळं ओलाव्याने पीळ सोडतात आणि सुकली की पुन्हा घेतात, त्यामुळे एकदा कापडात शिरली की आतच जात राहतात. आई रात्री चिमट्याने काढत बसायची.

प्रत्येक चौकटीतली माती आणून मी सामू, खोली, सेंद्रिय कर्ब आणि कॅल्शियम काढलं. मातीच्या त्या तक्त्याचं पीसीए केलं. पहिल्या अक्षावर सगळा भार कॅल्शियमचा आला. मी खूश. बेसाल्टचा खडक, त्याची झीज, त्यातून सुटणारं कॅल्शियम यावर मी प्रबंधात दोन पानं लिहिली. मार्गदर्शकांनी ती वाचली, टंकलेखन झालं, बांधणी झाली. तोंडी परीक्षेला बाहेरगावचे एक वयस्कर परीक्षक आले होते. त्यांनी ती आकृती उघडून बराच वेळ बघितली आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "बाई, कॅल्शियम पीपीएमऐवजी, दहा लाखांतल्या भागांऐवजी, टक्क्यांत लिहिलं असतं, तर टेकडीवरची माती बदलली असती का?"

"नाही सर."

"आणि तुमची आकृती?"

मला उत्तर देता आलं नाही. पदवी मिळाली, पण तो प्रश्न घेऊन मी घरी आले. दुसऱ्या दिवशी विभागातल्या संगणकावर कॅल्शियमच्या रकान्याला दहा हजाराने भागलं आणि पुन्हा चालवलं. कॅल्शियम पहिल्या अक्षावरून पार नाहीसं झालं आणि तिथे मातीची खोली येऊन बसली. माझी दोन पानं बेसाल्टबद्दल नव्हतीच. कॅल्शियमचे आकडे हजारांत होते आणि सामूचे सहा-सात-आठ, एवढीच ती गोष्ट होती. मी सहप्रचरणावर गणित केलं होतं, म्हणजे आकडे आपापल्या एककांत तसेच ठेवून. एककं वेगवेगळी असताना ते सहसंबंधावर करायचं असतं, म्हणजे प्रत्येक रकाना आधी एका मापात आणायचा असतो. हे पुस्तकात होतं, मी वाचलंही होतं. परीक्षकांनी एकक बदलायला सांगितलं तेव्हा ते अंगात शिरलं.

आजही हा खड्डा तिथेच आहे. आरमधली पीसीएची नेहमीची आज्ञा आपण सांगितल्याशिवाय रकाने एका मापात आणत नाही. पास्ट नावाचा छोटासा मोफत प्रोग्राम आहे, जीवाश्मशास्त्रज्ञांसाठी हॅमर, हार्पर आणि रायन यांनी २००१ मध्ये प्रसिद्ध केलेला. त्यात सहप्रचरण की सहसंबंध हे निवडायचा पर्याय समोरच दिसतो, निदान विचार करायला जागा राहते. ज्यांना आज्ञा लिहायची भीती वाटते अशा विद्यार्थ्यांना मी पास्टपासूनच सुरुवात करायला सांगते. त्यात मोठा पसारा मांडावा लागत नाही, तक्ता चिकटवला की काम सुरू.

आमच्या वेळी तसं नव्हतं. त्याच सुमारास, १९९१ मध्ये, सी-डॅकने आपल्याच पुण्यात परम ८००० हा महासंगणक उभा केला. आमच्या विभागात मात्र चौघांत मिळून एक ३८६ संगणक होता, सव्वापाच इंची फ्लॉपी आणि करकरणारा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर. वनस्पतिशास्त्रात तेव्हा जो तो डेकोराना चालवायचा, चौकटींना त्यांच्यातल्या साम्याप्रमाणे अक्षांवर मांडणारा प्रोग्राम. १९७९ मध्ये फोरट्रानमध्ये लिहिलेला, कॉर्नेलच्या परिस्थितिकी प्रोग्रामांच्या मालिकेतला. त्याला तक्ता द्यायचा म्हणजे एक शिस्त होती. पहिली ओळ शीर्षकाची, दुसरी आकडे कुठल्या रकान्यात किती जागा घेतात हे सांगणारी, मग प्रत्येक चौकटीचा क्रमांक आणि पुढे जोड्या: गवताचा क्रमांक, त्याची संख्या, पुढच्या गवताचा क्रमांक, त्याची संख्या. शून्यं लिहायचीच नाहीत. एक आकडा एक जागा सरकला की मारवेलची संख्या कुसळीला चिकटायची. शेवटी नावं, प्रत्येक नाव रोमन लिपीतल्या आठ अक्षरांत: प्रजातीच्या पहिल्या नावातली चार, दुसऱ्यातली चार. हेटेरोपोगॉन काँटॉर्टस म्हणजे आपली कुसळी. ती झाली हेटेकाँट. आमच्या घरी अजूनही कुणाच्या मोज्यात कुसळ निघालं की 'हेटेकाँट' म्हणतात.

मग १९९७ मध्ये व्हेजिटेशन सायन्सच्या नियतकालिकात ओक्सानेन आणि मिंचिन यांचा लेख आला. मी तो पुढच्या वर्षी ग्रंथालयात वाचला, उभ्यानेच. तक्त्यातल्या ओळींचा क्रम बदलला की या पद्धतीच्या प्रचलित प्रोग्रामांची उत्तरं बदलतात, हे त्याआधी दोन वर्षं लोकांच्या लक्षात आलं होतं. या दोघांनी कारण शोधलं. एक म्हणजे, आकडेमोड पुरेशी स्थिरावण्याआधीच प्रोग्राम थांबत होते. दुसरं म्हणजे, डेकोरानाच्या अक्ष ताणून सारखा करण्याच्या भागात एक चूक होती, आणि ती ओळींच्या क्रमावर अवलंबून होती. त्यांनी दोन्ही दुरुस्त केलं.

मला घाम फुटला. ओळींचा क्रम! चौकट क्रमांक एक आधी लिहिली की चाळीस आधी लिहिली, याचा टेकडीशी काय संबंध? मी घरी येऊन जुनी फाइल काढली, पत्ते पिसावेत तशा ओळी पिसल्या आणि पुन्हा चालवली. पहिला अक्ष जवळजवळ तसाच राहिला. दुसऱ्या अक्षावर काही चौकटी सरकल्या. निष्कर्ष उलटण्याइतक्या नाही, पण मी ज्यांच्याबद्दल एक परिच्छेद लिहिला होता त्यातल्या दोन आता एकमेकींपासून लांब गेल्या होत्या.

त्या प्रोग्रामबद्दल माझ्या मनात तरीही आदरच आहे. इवल्याशा स्मृतीच्या यंत्रांवर तो शेकडो चौकटी पेलायचा, आणि त्याचं फोरट्रान सगळ्यांना वाचायला खुलं होतं. खुलं होतं म्हणून तर चूक कुणाला तरी सापडली. ज्या ओक्सानेन यांनी ती शोधली, त्यांनीच पुढे आरमधलं व्हेगन हे पॅकेज उभं केलं, ते आज माझी भाची वापरते. त्यात डेकोराना आहे, दुरुस्त केलेला. आणि व्हेगनमध्ये सरावासाठी जो नेदरलँड्सच्या वाळूच्या टेकड्यांवरच्या कुरणांचा तक्ता येतो, वीस चौकटी आणि तीस वनस्पतींचा, त्यातली नावं आजही आठ अक्षरांची आहेत. तो तक्ता पहिल्यांदा उघडला तेव्हा मला जुनी मैत्रीण भेटल्यासारखं झालं.

रविवारी भाची आली. तिच्यासाठी साबुदाण्याची खिचडी केली होती, ती खाता खाता मी म्हटलं, "ओळी पिसून बघितल्यास का?"

"म्हणजे?"

"बारा ठिकाणांचा क्रम उलटसुलट कर आणि परत चालव. मांजरी पहिली, वारजे सातवं, कसंही."

तिने केलं. आकृती होती तशीच आली, एकदा फक्त आरशातली. छान. हा तपास एका मिनिटाचा आहे आणि आजचे प्रोग्राम बहुतेक वेळा त्यात उत्तीर्ण होतात. बहुतेक वेळा, कारण दोन अंतरं अगदी सारखी निघाली तर समूहांची झाडासारखी आकृती ओळींच्या क्रमाप्रमाणे वेगळी निघू शकते. आणि पर्मानोव्हा या चाचणीत, म्हणजे ठिकाणांमधला फरक कुठल्या घटकाने किती समजतो हे पाहताना, घटक एकामागून एक तपासायला सांगितले, तर कुठला घटक आधी लिहिला यावर प्रत्येकाच्या वाट्याला येणारा आकडा बदलतो. तिथे प्रोग्रामची चूक नसते, प्रश्नच क्रमाने विचारलेला असतो. पण लिहिणाऱ्याला ते माहीत हवं.

मग मी तिला विचारलं, की तू मोजलेल्या संख्या तशाच घातल्यास का. हो म्हणाली. तेव्हा खिचडीची ताटली बाजूला ठेवून मी वहीत तीन चौकटी मांडल्या, कारण हे पडद्यावर समजत नाही, हातानेच करावं लागतं. पहिल्या चौकटीत कुसळी शून्य, मारवेल दोन, पवन्या तीन. दुसरीत कुसळी दोन, बाकी काही नाही. तिसरीत कुसळी शून्य, मारवेल आठ, पवन्या बारा. पहिलीच्या जवळ कुठली? टेकडीवर गवत कापायला जाणारा कुणीही सांगेल, की पहिली आणि तिसरी सारख्याच, तिसरीत फक्त गवत दाट. दुसरी वेगळीच जागा आहे.

आता शाळेतलं पायथागोरसचं अंतर काढ. पहिली ते दुसरी: चार अधिक चार अधिक नऊ, सतराचं वर्गमूळ, ४.१२. पहिली ते तिसरी: छत्तीस अधिक एक्क्याऐंशी, एकशेसतराचं वर्गमूळ, १०.८२. म्हणजे जिच्याशी एकही गवत सामाईक नाही ती जवळची, आणि जिच्याशी सगळं जुळतं ती लांबची! ब्रे-कर्टिसने काढ, १९५७ पासून परिस्थितिकीत चालत आलेलं माप: फरकांची बेरीज भागिले एकूण बेरीज. पहिली-दुसरी सातास सात, म्हणजे १, पूर्ण वेगळ्या. पहिली-तिसरी पंधरा भागिले पंचवीस, ०.६. आणि आधी प्रत्येक चौकटीतलं प्रमाण काढून, त्याचं वर्गमूळ घेऊन अंतर काढलंस, ज्याला हेलिंजर म्हणतात, तर पहिली-तिसरी शून्य, कारण दोन्हीत मारवेल-पवन्याचं प्रमाण दोनास तीनच आहे.

तिने तिन्ही उत्तरं परत परत पाहिली. "यातलं बरोबर कुठलं?"

हा प्रश्न मला फार आवडतो. दाट आणि विरळ यातला फरक तुला महत्त्वाचा असेल तर ब्रे-कर्टिस, कोण कोणासोबत राहतं एवढंच पाहायचं असेल तर हेलिंजर. पायथागोरसचं अंतर मातीच्या सामूला चालतं, जीवांच्या मोजणीला सहसा नाही, कारण दोन ठिकाणी एखादा जीव नसणं हे त्यांच्यातलं साम्य म्हणून ते मोजतं. मेफ्लाय म्हात्रे पुलाखाली नाही आणि टेकडीवरही नाही, म्हणून काही पूल टेकडीसारखा होत नाही. कच्च्या आकड्यांचं पीसीए केलं की आपण न सांगता पायथागोरस निवडलेला असतो. तिच्या आकृतीत शहरातली ठिकाणं एकमेकांपासून लांब पसरली होती ती त्यामुळेच. त्या लाल अळ्या कुठे शंभर, कुठे हजार.

अंतर या गोष्टीवर बोलताना मला राहवत नाही म्हणून थोडं आडवळण घेते. ही विद्या परदेशातून आली असं मुलांना वाटतं, कारण प्रोग्रामांवरची नावं परदेशी असतात. पण १९२० मध्ये नागपूरला सायन्स काँग्रेस भरली होती. तिथे प्राणिशास्त्रज्ञ ॲनंडेल यांनी प्रशांतचंद्र महालनोबिस यांना कलकत्त्यातल्या अँग्लो-इंडियन लोकांच्या शरीरमापांचा अभ्यास करायला सुचवलं. त्या वाटेने चालत १९३६ मध्ये महालनोबिस यांनी आपलं अंतर मांडलं. दोन मापं एकमेकींशी बांधलेली असतात, उंच माणसाचे हातही लांब असतात, तर ती दोनदा मोजायची नाहीत, हे त्या अंतराला कळतं. त्याच १९३६ मध्ये फिशरने आयरिसच्या दीडशे फुलांवरचा लेख लिहिला, ज्यावर जगातला प्रत्येक विद्यार्थी आजही हात साफ करतो. आणि भाची जी आरडीए करते, म्हणजे जीवांचा तक्ता पाण्याच्या तक्त्याने समजावून घ्यायची पद्धत, तिची मांडणी सी. आर. राव यांच्या १९६४ च्या लेखात आहे. तो छापला महालनोबिस यांनी सुरू केलेल्या 'संख्या' या नियतकालिकाने.

आपल्या पुण्यातही हे चाललं होतं. डेक्कन कॉलेजात इरावती कर्वे लोकांची शरीरमापं घेत होत्या, वि. म. दांडेकरांबरोबर त्यांनी १९५१ मध्ये महाराष्ट्राच्या मापांचा अभ्यास प्रसिद्ध केला. आणि फर्ग्युसनमध्ये गणित शिकवणारे दामोदर धर्मानंद कोसंबी. १९४३ च्या त्यांच्या एका लेखात जी कल्पना आहे, ती पीसीए सलग फलनांना लावली की काय होतं तीच. पुढे ती कार्हुनेन आणि लोएव्ह यांच्या नावाने जगभर गेली, आता काही जण कोसंबींचं नाव आधी लावतात. हाच माणूस ताजव्यात हजारो आहत नाणी तोलून झिजेवरून त्यांचा काळ लावायचा आणि पुण्याच्या टेकड्यांवर हिंडून अश्मयुगातली बारीक दगडी पाती गोळा करायचा. माझ्या चौकटी ज्या उतारांवर पडल्या तिथून तो चालून गेला असेल, या विचाराने मला आजही बरं वाटतं. महालनोबिस यांचा जन्म २९ जूनचा, म्हणून तो दिवस सांख्यिकी दिन. कोसंबी गेले तेही २९ जूनला, १९६६ मध्ये. भाचीचा फोन आला तो यंदाच्या २९ जूननंतर आठवड्याभराने.

तर, रविवार दुपार. तिने आता आरडीएचा निकाल उघडला. बारा ठिकाणं, आणि प्रत्येक ठिकाणी पाण्याचे अकरा घटक: ऑक्सिजन, बीओडी, वाहकता, नायट्रेट, फॉस्फेट, गढूळपणा, तापमान, सामू, क्लोराइड, काठिन्य, प्रवाहाचा वेग. कडाक्याच्या थंडीत पहाटे जाऊन मोजलेले, एकही रिकामा नाही. "मावशी, पाण्याच्या घटकांनी जीवांमधला सगळा फरक समजतो. शंभर टक्के!" तिच्या चेहऱ्यावरचा आनंद बघून मला पुढचं करणं जड गेलं.

मी म्हटलं, "या अकरा रकान्यांच्या जागी अकरा रकाने नुसते यादृच्छिक आकडे भर. संगणकालाच काढू दे."

तिने भरले. चालवलं. शंभर टक्के.

तिने पुन्हा दुसरे आकडे काढले. शंभर टक्के. बराच वेळ ती काही बोललीच नाही. मग म्हणाली, "म्हणजे मी पाण्याऐवजी काहीही मोजलं असतं तरी…"

हो. बारा बिंदूंना अकरा घटक दिले की ते नेहमीच पुरतात. दोन बिंदूंतून सरळ रेघ जाणारच, तसं. घटक बरोबर आहेत म्हणून उत्तर आलेलं नाही, घटक अकरा आहेत म्हणून आलंय. प्रोग्राम कुठेही लाल अक्षरं दाखवत नाही, आकृती सुंदर येते, घटकांचे बाण सगळीकडे पसरतात. ही आकृती मी छापलेल्या लेखांतही पाहिली आहे आणि दर वेळी पोटात तुटतं, कारण त्यामागे कुणाच्या तरी थंडीतल्या पहाटा असतात.

तेव्हा मी तिला पिसण्याचा दुसरा अर्थ सांगितला. मगाशी आपण सगळा तक्ता एकत्र पिसला, प्रत्येक ठिकाण आपले जीव आणि आपलं पाणी सोबत घेऊन हललं. तेव्हा काहीही बदलायला नको. आता फक्त पाण्याचा तक्ता पिस. म्हात्रे पुलाखालचे जंत आणि खडकवासल्याचं पाणी एका ओळीत येऊ दे. आता नातं मोडायलाच हवं. खऱ्या तक्त्यातलं नातं अशा मोडलेल्या तक्त्यांहून जेवढं ठळक, तेवढा त्याच्यावर विश्वास. व्हेगन ९९९ वेळा पिसतं आणि खरा तक्ता धरून हजारात कितव्या जागी आहे ते सांगतं. तो पी म्हणून जो आकडा येतो ना, तो एवढाच आहे. तिने तो पाच परीक्षांत लिहिला होता आणि तो पिसण्यातून येतो हे तिला कुणी सांगितलं नव्हतं.

नदीच्या बाबतीत त्यातही एक गोम आहे, आणि ती मी तिच्यापासून लपवली नाही. नदी पत्त्यांची जुडी नव्हे. विठ्ठलवाडीचं पाणीच पुढे म्हात्रे पुलाखाली येतं, शेजारची ठिकाणं सारखी असणारच. मनमानी पिसलं तर आपण नदीलाही मोडतो, आणि मग नातं आहे त्याहून पक्कं वाटतं. क्रम राखून फक्त सरकवायची सोय प्रोग्राममध्ये आहे, पण बारा ठिकाणं बाराच प्रकारे सरकतात, म्हणजे पी बाराव्या हिश्शाहून, ०.०८३ हून, खाली जाऊच शकत नाही. एवढ्या कमी ठिकाणांवर ठामपणे बोलता येत नाही, हे तिला प्रबंधात सरळ लिहावं लागेल. ती लिहिणार आहे.

संध्याकाळपर्यंत आम्ही अकरातून तीन घटक ठेवले. कुठले ठेवायचे हे प्रोग्रामला विचारायचं नाही, जीवांना काय लागतं ते विचारायचं, असा मी हट्ट धरला: ऑक्सिजन, वाहकता, प्रवाहाचा वेग. जीवांच्या आकड्यांना हेलिंजर लावलं. समजणारा फरक शंभर टक्क्यांवरून बराच खाली आला, घटकांच्या संख्येचा हिशोब धरून काढला तर आणखी खाली. पण पाण्याचा तक्ता पिसला की आता नातं मोडत होतं. वाहकतेचा बाण संगमाच्या बाजूला, ऑक्सिजनचा खडकवासल्याकडे. "आता खरी वाटतेय," ती म्हणाली. सरांना तिने दुसऱ्या दिवशी स्वतःहून जाऊन सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

जाताना तिने माझा जुना तक्ता मागितला, टेकड्यांचा. आजच्या व्हेगनमध्ये घालून बघायचाय म्हणाली. फ्लॉपी वाचणारं यंत्र आता कुठे मिळणार? पण क्षेत्रवह्या आहेत, पुठ्ठ्याच्या बांधणीच्या, पेन्सिलीने लिहिलेल्या, काही पानांवर पावसाचे डाग. गेले दोन आठवडे ती शनिवारी येते. मी वाचते, ती टंकते. नावं आठ अक्षरांचीच ठेवायची, असं तिनेच ठरवलं.

काल सतराव्या चौकटीपर्यंत आलो. त्या पानात एक वाळलेलं कुसळ चिकटलेलं होतं. तिने ते उचललं, बोटावर पाण्याचा थेंब घेऊन त्यावर ठेवला, आणि आम्ही दोघी ते वळतंय का बघत बसलो.